पोरं हाताबाहेर गेली, आता ‘काहून’ विचारून काय होते?

वाचकांचे प्रश्न

ह्या महिन्यात पत्रं बरीच आली, पण त्यातल्या एकाला अर्ध्या पानात उत्तर देणं मला जमणारच नव्हतं. म्हणून बाकीच्यांतली दोनच घेतली आणि ह्याला जागा दिली. नाव-गाव काढून टाकलंय, भाषा त्यांचीच ठेवलीय.

प्रश्न : ताई, सप्रेम जय ख्रिस्त. मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय ६७. साडेसात एकर वावर आहे, कपाशी अन् तूर, थोडं सोयाबीन. आज्यापासून आमचं घर ख्रिस्ती. गावच्या मंडळीचा मी २२ वर्षांपासून खजिनदार, चर्चची चाबी माह्याच घरी खुंटीले टांगलेली असते. बायको जाऊन १४ वर्षं झाली. एक पोरगी वर्धेकडे दिली, ती चांगली आहे. दोन पोरं. मोठा ३६ चा, त्याले बायको अन् दोन लेकरं. धाकटा ३१ चा, त्याची बायको दीड वर्षात माहेरी गेली ते परतून आलीच नाही.

माय गेली तेव्हा धाकटा १७ चा होता. बिनमायचं लेकरू म्हणून मी त्याले कधी दटावलं नाही, मोठ्याले पण नाही, घरात आधीच एवढं दुःख, त्यात मी अजून काहून ओरडू असं वाटे. मागितलं ते दिलं. गाडी मागितली गाडी घेऊन दिली, कॉलेज सोडतो म्हटलं तर सोड म्हटलं. आता धाकटा रोज पिते. मोठा सट्टापट्टी खेळते, बाहेर देणं करून ठेवलं आहे, देणेकरी माह्या दारात येतात अन् मी देतो. मागच्या हंगामातला कापूस त्यानं खेडा खरेदीवाल्याले मोजून दिला, एक लाख बारा हजाराचा चुकारा, तीन आठवड्यात एक रुपया राहिला नाही.

हे घरातलं झालं. पण औंदा कापणीच्या सणाले जे झालं ते सांगायची लाज वाटते. लोकांनी प्रभूसाठी आणलेलं सगळं, कोहळे, तुरीच्या शेंगा, पहिल्या वेचणीचा कापूस, कोंबडे, वेदीपुढं ठेवलं होतं, उपासनेनंतर लिलाव असते. धाकट्याचे दोन दोस्त आले अन् लिलावाच्या आधीच तीन कोंबडे उचलून घेऊन गेले. एका म्हाताऱ्या बाईनं अडवलं तर म्हणे, आमच्या काकाचंच चर्च आहे. संध्याकाळी वावरात पार्टी झाली. मी कोंबड्यांचे साडेसातशे रुपये हळूच थैलीत टाकले, कोणाले समजलं नाही. त्याच्या आधी छपराच्या फंडातले १८,४०० रुपये कपाटातून गेले होते, मोठ्यानं नेले हे मले माहीत आहे. ते मी तीन क्विंटल तूर विकून भरले.

मी बोलत नाही असं नाही. बोलतो. ‘काहून करता रे बाबू असं, लोकं काय म्हणतीन.’ ते मान खाली घालून ऐकतात अन् निघून जातात. मागच्या महिन्यात पाळक साहेबांनी एली याजकावर संदेश दिला, मले वाटलं माह्याकडेच पाहून बोलून राहिले. घरी येऊन जेवलो नाही. एलीनं तर पोरांना सांगितलं होतं ना, मग देवानं त्यालेच काहून धरलं? अन् आता ३६ वर्षाच्या पोरावर मी काय छडी उगारू? का प्रभूची मर्जी म्हणून सोडून देऊ?

उत्तर : भाऊ, जय ख्रिस्त. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना रडले, ते का ते पुढं सांगते.

आधी एलीचं, कारण तुमचा प्रश्न खरा आहे आणि हा भाग आपण घाईघाईनं वाचतो. बायबलातलं १ शमुवेल, दुसरा ते चौथा अध्याय काढून ठेवा पुढ्यात. एली शिलोचा याजक, म्हणजे तिथल्या देवाच्या मंदिराचा पुरोहित, वर ४० वर्षं इस्राएलाचा न्यायही तोच करायचा, म्हणजे उपासनाही त्याच्या हाती आणि निवाडाही त्याच्याच हाती. हफनी आणि फिनहास ही त्याची दोन पोरं, दोघंही याजक. याजकाला अर्पणातला वाटा मिळायचाच, ऊर आणि उजवी मांडी, लेवीयच्या सातव्या अध्यायात ते ठरवून दिलेलं आहे. पण ह्यांचा नोकर तीन काट्यांचा आकडा घेऊन यायचा, मांस शिजत असलेल्या भांड्यात खुपसायचा आणि वर येईल ते सगळं घेऊन जायचा. पुढंपुढं तर चरबी देवाला जाळायच्या आधीच कच्चं मांस मागायला लागले, आणि कोणी म्हटलं की आधी चरबी तर जळू द्या, मग काय पाहिजे ते घ्या, तर उत्तर असायचं, आत्ता दे नाहीतर जबरीनं घेतो. तुमचे तीन कोंबडे मला इथं दिसले, भाऊ. तो आधी देवाचं होऊ द्या म्हणणारा साधा माणूस आणि तुमच्याकडची ती म्हातारी बाई, दोघं मला एकाच जागी उभे दिसतात.

आता एली बोलला का? बोलला. तुम्ही असं का करता, सगळ्या लोकांच्या तोंडून तुमचं ऐकतोय, पोरांनो हे बरं नाही, अशा अर्थाचं बोलला. अगदी तुमचंच वाक्य. उलट दावीद राजाचं पाहा. १ राजे, पहिल्या अध्यायाची सहावी ओवी. अदोनीया बाप जिवंत असतानाच स्वतःला राजा म्हणवून घ्यायला निघाला, आणि तिथं लिहिलंय की ह्याच्या बापानं ह्याला जन्मात कधी ‘तू असं का केलं’ एवढं विचारूनही दुखवलं नव्हतं. मी ते वाचताना दर वेळी ‘का’ च्या जागी आपलं ‘काहून’च वाचते. दाविदानं कधी विचारलंच नाही. एलीनं विचारलं आणि विचारून थांबला. तुम्हीही विचारताय, म्हणजे तुम्हाला ते दिसतंय, टोचतंय, जेवण जात नाही एवढं टोचतंय. म्हणून तुमच्याशी स्पष्ट बोलायला मला भीती वाटत नाही.

देवानं त्यालाच का धरलं हे तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या ओवीत आहे. पोरांचा अधर्म त्याला माहीत होता आणि त्यानं त्यांना आवरलं नाही. मारलं नाही असं तिथं लिहिलेलं नाही, रागावला नाही असंही नाही, आवरलं नाही एवढंच आहे. मोठ्या पोरांवर हात उगारायची एलीला गरजच नव्हती हो, तो आकडा हातातून काढून घ्यायचा, दोघांना वेदीपासून बाजूला करायचं, लोकांना सांगायचं की उद्यापासून ह्यांच्याकडे अर्पण देऊ नका. एवढा अधिकार त्याच्याकडे होता. आणि दुसऱ्या अध्यायात देवाचा माणूस येऊन जे सांगतो ते अजून लागणारं आहे, की तू माझ्यापेक्षा तुझ्या पोरांचा मान जास्त ठेवतोस, आणि माझ्या लोकांच्या अर्पणातलं उत्तम ते खाऊन तुम्ही लठ्ठ झालात. तुम्ही, म्हणजे बापासकट. पोरांनी ओढून आणलेला घास बापाच्याही ताटात येत होता. चौथ्या अध्यायात देवाच्या कराराचा कोश, म्हणजे ती पवित्र पेटी, शत्रू पलिष्ट्यांनी नेला ही बातमी ऐकून एली आसनावरून मागं पडतो आणि मान मोडून मरतो, तेव्हा कारण लिहिलंय की तो म्हातारा आणि अंगानं जड होता. ९८ वर्षांचा. दोन्ही पोरं त्याच दिवशी लढाईत गेली, आणि त्या एका दिवशी इस्राएलाचं ३०,००० पायदळ पडलं, त्यांच्यातल्या किती जणांनी शिलोला कधीतरी आपलं बकरू नेलं असेल.

तुम्ही पार्टीतला रस्सा खाल्ला नाही हे मला माहीत आहे. पण साडेसातशे रुपये हळूच टाकले ना भाऊ, त्यानं तुमच्याही ताटात काहीतरी पडलं. खजिनदाराची अब्रू वाचली. हे कडू आहे, रागावू नका, मी ज्या घरातून आले तिथं हेच चालायचं म्हणून मला ते लगेच दिसतं.

माझे वडील अमरावती जिल्ह्यात शाळामास्तर होते. माझा धाकटा भाऊ प्यायचा, रात्री येऊन ओट्यावर ओकायचा. माझी आई पहाटे चारला उठून कंदिलाच्या उजेडात त्या ओकारीवर चुलीतली राख टाकायची, खराट्यानं ओढून काढायची आणि मग तेवढाच तुकडा शेणानं सारवायची, शेजारच्या बाया पाण्याला निघायच्या आत. अकरा वर्षं. तो उठायचा नऊ वाजता, ओटा स्वच्छ. त्याला खरंच वाटायचं की आपण फार काही करत नाही, थोडी घेतो. एक दिवस आईला ताप होता, ती उठली नाही, मी राख घेऊन निघाले तर वडलांनी माझा हात धरला आणि म्हणाले, राहू दे. वडील कधीच काही बोलायचे नाहीत, त्या दिवशी एवढंच बोलले. सकाळी सगळ्या गल्लीनं पाहिलं. भाऊ नऊला बाहेर आला आणि उंबरठ्यातच उभा राहिला, माश्या बसल्या होत्या त्याच्यावर. मग स्वतः जाऊन बादली आणली. त्या दिवशी तो सुधारला नाही, अजून सहा वर्षं लागली आणि तोवर लिव्हर खराब झालेलं होतं, फार जगला नाही. पण सुटल्यावर एकदा मला म्हणाला होता, ताई, तो ओटा मले त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

तुमची ती तीन क्विंटल तूर म्हणजे माझ्या आईची राख आहे, भाऊ. आईवर माझा राग नाही, तिनं प्रेमानंच केलं. पण त्या अकरा वर्षांतली पाच जरी वाचली असती तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

तर छडीचं डोक्यातून काढून टाका. नीतिसूत्रांतली छडी लहान लेकरांसाठी, ती वेळ गेली, आणि ३६ वर्षाच्या माणसाला मारलं तर तो उलटून मारतो किंवा घर सोडतो. तुमच्या हातात जे आहे ते खुंटीला टांगलेलं आहे. येत्या रविवारच्या आत पाळक साहेबांकडे जा, चर्चचं पंचमंडळ बसवायला सांगा आणि त्यांच्यापुढं सगळं बोला, कोंबडे कोणी नेले, १८,४०० कोणी नेले, ते कोणी भरले. चाबी आणि हिशोबाची वही त्यांच्यापुढं ठेवा. ते म्हणतील काका, २२ वर्षं तुम्ही सांभाळलं, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. ऐकू नका. विश्वास तुमच्यावर आहे, पण खुंटी पोरांच्या हाताच्या उंचीवर आहे. आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या घरी जा आणि माझ्या घरच्यांची चूक झाली म्हणा, पोरालाही घेऊन जाता आलं तर घेऊन जा, नाही आला तर एकटे जा.

हे करताना शमुवेल डोळ्यापुढं ठेवा, एलीच्या हाताखाली वाढलेला तो पोरगा. लहानपणी एलीला, देव तुझ्या घराण्याला शिक्षा करणार, ही वाईट बातमी सांगायची वेळ ह्याच्यावरच आली होती, आणि म्हातारपणी ह्याच्याच घरी काय झालं पाहा. योएल आणि अबीया, दोघांना त्यानं बैर-शेबाला न्यायाधीश नेमलं, दोघं लाच खायला लागले, आणि वडीलधारी मंडळी रामाला त्याच्या घरी येऊन तोंडावर म्हणाली की तुमची पोरं तुमच्या वाटेनं चालत नाहीत. बाराव्या अध्यायात तोच शमुवेल सगळ्या लोकांपुढं उभा राहतो, माझी पोरं तुमच्यात आहेत असं म्हणतो, आणि विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच घेतली, सांगा, मी परत करतो. पोरं तशी निघाली म्हणून देवानं शमुवेलाला दोष दिला असं मला कुठं वाचायला मिळालं नाही. तुम्ही बिनमायच्या लेकरांना लाडावलं हे मनाला लावून बसलाय, पण पस्तिशीतला माणूस सट्टा खेळतो तो स्वतःच्या पायानं जाऊन खेळतो. तेवढं ओझं त्याचं त्याच्याकडे राहू द्या.

आता घरातलं. पोरांशी वेगवेगळं बोला, सकाळी, धाकटा शुद्धीत असताना. लांबलचक समजावू नका, ते त्यांनी खूप ऐकलंय. चार गोष्टी सांगा. ‘बाबू, आजपासून तुह्या देण्याचा एक रुपया मी देणार नाही, दारात आला त्याले तुह्याकडे पाठवीन. कापूस अन् तूर मी स्वतः विकीन. वावरात आला तर मजुराले देतो तेवढी मजुरी तुले रोजच्या रोज देईन. जेवण दोन वेळचं या घरात तुले आहे, पण पिऊन आला तर ओट्यावर वाढीन, आत नाही.’ आणि मग जे बोललात तेच करायचं, एकदाही मागं फिरायचं नाही, पहिल्या देणेकऱ्याला दिलं की संपलं. कापूस खेडा खरेदीत देऊ नका, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर तुमच्या नावानं न्या, चुकारा तुमच्या खात्यात येतो, फक्त खात्याला मोबाईल नंबर तुमचा आहे ना ते बँकेत जाऊन बघून घ्या, पुष्कळ घरांत तो पोराचा असतो.

मोठा वावरावरून बोलेलच, आज्याची जमीन आहे, माझा हिस्सा द्या. त्याला माहीत नसेल, पण आपण ख्रिस्ती लोक १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात येतो, जन्मानं हिस्सा ही गोष्ट आपल्याकडे नाही. सातबारा तुमच्या एकट्याच्या नावानं असेल तर तुम्ही आहात तोवर वावर तुमचं, मृत्युपत्र करून कोणालाही देता येतं. मृत्युपत्र न करता गेलात तर तिन्ही लेकरं सारखी वाटेकरी, वर्धेची पोरगीसुद्धा. बक्षीसपत्र मात्र कोणी कितीही गोड बोललं तरी करू नका. करायचंच झालं तर मला सांभाळायचं ही अट त्यात लिहून घ्या, कारण २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा जो कायदा आहे त्याच्या कलम २३ खाली ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. मला विचाराल तर मृत्युपत्र करा, सुनेच्या आणि नातवंडांच्या नावाचा विचार करा, आणि आधी तालुक्याला एखाद्या चांगल्या वकिलाला कागद दाखवा.

धाकट्याचं वेगळं आहे. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरतात, कधी झटके येतात, भ्रम होतो, जीवावर बेतू शकतं, म्हणून घरात कोंडून दारू सोडवायच्या भानगडीत पडू नका, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणून दारू सोडणाऱ्यांची संघटना आहे, तिच्या मीटिंग असतात, त्याला एक रुपया लागत नाही, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी मीटिंग असते, तो आला नाही तरी तुम्ही जा.

एक गोष्ट लिहायला जड जातंय पण आपल्या जिल्ह्यात लिहावीच लागते. पैसे बंद केले की एखादा पोरगा म्हणतो, मी औषध पितो. फवारणीचं औषध आजच घरातून हलवा, कुलुपात ठेवा, चाबी कमरेला. असं तो बोलला तर धमकी समजून उडवून लावू नका आणि घाबरून पैसेही देऊ नका, त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन लावा, टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिलं प्रभूची मर्जी. हे वाक्य एलीचंच आहे. तिसरा अध्याय, अठरावी ओवी. छोट्या शमुवेलानं सगळं सांगितल्यावर तो म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो. मला लहानपणी हे वाक्य फार भक्तीचं वाटायचं, आमच्याकडे मयताला लोक असंच बोलायचे. आता वाचताना वाटतं की त्या क्षणी पोरं जिवंत होती, शिलोतच होती, आकडा अजून हातात होता, म्हाताऱ्यानं उठून तंबूच्या दारापर्यंत जायचं होतं फक्त. तुमची पोरं जिवंत आहेत, भाऊ. पंचांकडे जाऊन आलात की मला दोन ओळी लिहा, काय झालं ते, चांगलं वाईट काहीही. मी वाट पाहते.

प्रश्न : ताई, मी अचलपूर तालुक्यातली, वय २४. येशूनं सांगितलेल्या गोष्टीत उधळ्या पुत्राच्या बापानं मागताच वाटा काढून दिला, परत आल्यावर एक शब्द रागावला नाही, वरून वासरू कापलं. मग तोही ढिला बापच झाला ना? आमच्या घरी भावाच्या प्रत्येक गोष्टीवर हीच गोष्ट सांगून पांघरूण घालतात.

उत्तर : बाळा, लूक १५ पूर्ण वाच, तिथं तीन गोष्टी आहेत. मेंढरू हरवतं तर मेंढपाळ रानात जातो. नाणं हरवतं तर बाई दिवा लावून घर झाडते. पोरगा जातो तेव्हा मात्र बाप मागं जात नाही, घरीच थांबतो. दूर देशात दुष्काळ पडला, पोरगा डुकरांच्या शेंगांवर पोट भरायला तयार झाला, आणि तिथं लिहिलंय की त्याला कोणी काही दिलं नाही. घरून पैसे आले असते तर तो डुकरांजवळ बसून शुद्धीवर आला असता असं मला वाटत नाही. बाप धावला तो पोरगा वाटेला लागल्यावर, तो दूर असतानाच धावला, म्हणजे रोज त्या वाटेकडे बघत असणार बिचारा. अंगठी दिली, झगा दिला, जेवण घातलं. पण मोठ्याला काय म्हणाला? माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. वावराची दुसऱ्यांदा वाटणी केली नाही त्यानं. घरी पांघरूण घालायला लागले की ही मधली डुकरांची ओवी मोठ्यानं वाचून दाखव.

प्रश्न : माझा भाऊ पितो, वडील त्याला काहीच बोलत नाहीत. त्याचा मुलगा ११ वर्षांचा आहे, गुणी आहे, पण आमच्या वाशिमकडे लोक त्याच्या तोंडावर म्हणतात की खाण तशी माती. मी आत्या आहे, दुसऱ्या गावी राहते. हा पोरगाही तसाच होईल का?

उत्तर : ताई, वर त्या भाऊंना लिहिलं त्यातला लाच खाणारा योएल आठवतोय ना, शमुवेलाचा मोठा मुलगा? त्याच्या पोराचं नाव १ इतिहास, सहाव्या अध्यायात आहे. हेमान गायक, योएलाचा मुलगा, शमुवेलाचा नातू. दाविदानं उपासनेच्या गायनावर ज्यांना नेमलं त्यांच्यातला तो एक. आणि पंचविसाव्या अध्यायात आहे की हेमानाला १४ मुलगे आणि ३ मुली झाल्या, आणि ही सगळी बापाच्या हाताखाली झांजा, सतार, वीणा घेऊन परमेश्वराच्या घरात गायची. ह्या योएलाचीच ती नातवंडं.

पोराच्या तोंडावर कोणी तसं बोललं तर तिथल्या तिथं अडवा, मोठा माणूस असला तरी. सुट्टीत त्याला पंधरा दिवस तुमच्याकडे आणा. बापाबद्दल विचारलं तर लपवू नका, तुझ्या बाबाला दारूचा आजार आहे आणि त्यात तुझी काही चूक नाही, असं सरळ सांगा, त्याला ते कोणीतरी सांगायला पाहिजे. आणि रविवारी त्याला मागच्या बाकावर बसू देऊ नका, पेटी-ढोलकीजवळ बसवा. काय वाजवावंसं वाटतं ते विचारून मला कळवा. आमच्याकडे एक जुनी ढोलकी आहे, शाई थोडी उडालीय, पण आवाज चांगला आहे. ती मी पाठवते.